खुशाल आहे, काळजी नसावी

पत्र लिहायला बसलं की पहिली ओळ आपोआप हातून उतरायची, ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.’ निदान आपल्या आयांच्या आणि सासवांच्या हातून तरी. मग घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असो, विहीर आटलेली असो, नाहीतर दुभती म्हैस मेलेली असो. खरी बातमी यायची ती अगदी शेवटी, कार्डाच्या उभ्या कडेला, जागा उरली तर. माझी आजी पत्र वाचून झालं की कार्ड उलटंपालटं करून पुन्हा एकदा बघायची. ‘आणखी काही लिहिलं नाही ना?’ म्हणायची. आम्ही मुलं हसायचो.

मैत्रिणींनो, ही आठवण मला झाली ती सातासमुद्रापलीकडे, कॅलिफोर्नियात. माझा धाकटा भाऊ तिथे सॅक्रामेंटोजवळच्या फोल्सम गावी बारा वर्षं राहतो. यंदा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर महिनाभर त्याच्याकडे जाऊन आले. (यांनी आणि मुलांनी महिनाभर घर कसं सांभाळलं, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन. आजही डब्यांची झाकणं अदलाबदल झालेली सापडताहेत.) ‘डिस्नेलँड बघितलंस का?’ असं इथे सगळ्याजणी विचारतात. नाही बाई. मी बघून आले ती सोन्याच्या मागे लागलेल्या माणसांची जुनी गावं. आणि परत येताना डोक्यात भरून आणली ती त्या माणसांनी घरी लिहिलेली पत्रं.

आधी आम्ही कोलोमाला गेलो. बुधवार होता. ‘तुला ऑफिस नाही का रे?’ मी भावाला विचारलं. ‘ताई आलीय, घेतली सुट्टी,’ म्हणाला. भावाच्या घरापासून तासाभराचाही रस्ता नाही. मे महिना असल्यामुळे टेकड्यांवरचं गवत वाळून पिवळंधमक झालेलं, मधूनमधून ओकची काळपट हिरवी झाडं. खाली अमेरिकन नदी. वरच्या डोंगरांतला बर्फ वितळून येणारं तिचं पाणी इतकं गार, की मी पाय बुडवले आणि लगेच वर घेतले.

या नदीकाठी सटर नावाच्या एका स्विस गृहस्थाची लाकूड कापायची पाणगिरणी बांधायचं काम चाललं होतं. जेम्स मार्शल हा सुतार त्या कामावर होता. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी गिरणीखालच्या चरात त्याला काहीतरी चकाकताना दिसलं. इथपर्यंतची गोष्ट पुस्तकांत असते. पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे. कामगारांचा स्वयंपाक जेनी विमर नावाची बाई करायची. ती त्या वेळी साबण करत होती. राखेच्या खारात चरबी शिजवून करतात, तो घरगुती साबण. सगळे पुरुष त्या पिवळ्या खड्यावर तर्क लढवत बसले असताना जेनीबाईंनी तो खडा उचलून साबणाच्या कढईत टाकला. सोनं असेल तर खाराने त्याला काही होणार नाही, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कढईच्या तळाशी खडा होता तसाच, लखलखीत. ही हकीकत तिने पुढे स्वतःच सांगितली आहे. तिच्या नावाने ओळखला जाणारा एक खडा बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. टेकडीवर पुतळा मात्र मार्शलचा. खालच्या जागेकडे बोट दाखवत उभा आहे. हा मार्शल १८८५ साली मेला तो कफल्लक अवस्थेत. सोनं त्याला लाभलं नाहीच.

तिथेच मी जमिनीतल्या कातळाला पडलेले गोल खळगे बघितले. बघताक्षणी ओळखलं, उखळं! तिथल्या मूळच्या निसेनान लोकांच्या बायका ओकची फळं त्यांत कुटून पीठ करायच्या. वर्षानुवर्षं कुटून कुटून कातळ खोल गेलेला. सोन्याची बातमी फुटली तेव्हा कॅलिफोर्नियात असे मूळचे रहिवासी सुमारे दीड लाख होते. १८७० पर्यंत राहिले जेमतेम तीस हजार. रोगराईने गेले, उपासमारीने गेले आणि उघड उघड कत्तलीही झाल्या. घरी लिहिलेल्या पत्रांत हे लोक येतात, पण बहुतेकदा वाटेवरच्या झाडाझुडपांसारखे, येता जाता.

पुढे जाण्याआधी एक कबुली देते. पर्यटकांसाठी तिथे लाकडी पन्हाळी ठेवल्या आहेत. थोडे पैसे भरले की पसरट थाळी देतात आणि वाळू धुऊन सोनं कसं काढायचं ते शिकवतात. मी अर्धा तास वाकून वाळू हलवली आणि मला चक्क तीन कण मिळाले! केवढी हरखले. भाऊ म्हणाला, ‘ताई, वाळूत ते आधीच मिसळून ठेवलेले असतात.’ माझं तोंड पडलं. पण हे लक्षात ठेवा, याचा संदर्भ पुढे येणार आहे.

तर, बातमी फुटली आणि १८४९ पासून माणसांचा लोंढा सुटला. पाच-सात वर्षांत सुमारे तीन लाख माणसं आली. कोणी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून पाच-सहा महिने गलबतात काढले, कोणी पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून आले, कोणी बैलांच्या गाड्या जोडून दोन हजार मैल चालत. वाटेत पटकीने किती गेले त्याला गणती नाही. १८५० च्या शिरगणतीत कॅलिफोर्नियात शंभरातले नव्वदाहून अधिक पुरुष होते. म्हणजे बायका कुठे होत्या? घरी होत्या. शेत, गुरं, पोरं, सासू-सासरे आणि नवऱ्याने वाटखर्चासाठी काढलेलं कर्ज सांभाळत होत्या. त्यांना ‘कॅलिफोर्निया-विधवा’ असं नावच पडलं होतं. नवरा जिवंत, पण हाताशी नाही. मुंबईच्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या कोकणातल्या घरांना हे निराळं समजावून सांगायला नको.

आता टपालाचं ऐका. सुरुवातीच्या दिवसांत कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे पत्र पाठवायला अर्ध्या औंसाला ४० सेंट पडत. पूर्वेकडे मजुराला दिवसभराचे साधारण १ डॉलर मिळत, त्यावरून अंदाज करा. जुलै १८५१ पासून दर उतरला आणि आगाऊ पैसे भरलेल्या पत्राला ६ सेंट झाला. पत्र आगबोटीने पनामाला जायचं, तिथे होडीतून आणि खेचराच्या पाठीवरून जंगल ओलांडायचं आणि पुन्हा आगबोटीत चढायचं. सगळं सुरळीत झालं तर महिना-सव्वा महिना, आणि उत्तराला पुन्हा तेवढाच. ‘बाळाला ताप आहे’ असं लिहिलेलं पत्र बापाच्या हाती पडेपर्यंत बाळ एकतर खेळायला लागलेलं असायचं, नाहीतर...

सॅनफ्रान्सिस्कोत टेलिग्राफ हिल नावाची टेकडी आहे. टपालाची बोट दिसली की तिच्यावरून खूण करत. खूण दिसली की माणसं पोस्टाकडे पळत सुटायची. आडनावाच्या अक्षरांप्रमाणे वेगवेगळ्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीपुढे लांबच लांब रांग. काहीजण आदल्या रात्रीपासून घोंगडी घेऊन बसायचे. काही पठ्ठे तर ज्यांना पत्र यायची आशाच नव्हती. ते नुसतं रांगेत उभे राहायचे आणि नंबर जवळ आला की आपली जागा विकायचे!

खाणी डोंगरात शंभर-दीडशे मैल आत. तिथल्या माणसाने पत्रासाठी काम टाकून शहरात यायचं कसं? अलेक्झांडर टॉड नावाच्या एका तरुणाला ही अडचण बरोबर हेरता आली. गार पाण्यात उभं राहून सोनं धुणं त्याच्या प्रकृतीला सोसेना, म्हणून त्याने खाणवाल्यांची पत्रं आणून देण्याचा धंदा काढला. यादीत नाव घालायला १ डॉलर, आणि पत्र सापडलं तर एका पत्राला १ औंस सोनं. औंस म्हणजे जुन्या हिशेबाने अडीच तोळ्यांहून थोडं जास्तच. मैत्रिणींनो, एका पत्राला अडीच तोळे सोनं! आणि माणसं ते देत होती. मी हे भावजयीला सांगितलं तेव्हा तिने नकळत हातातल्या बांगडीला हात लावला.

पत्रासाठी खास कागदही निघाले होते. वर छापील चित्र, डोंगर, खाणकाम, सॅनफ्रान्सिस्कोचं बंदर वगैरे, आणि खाली लिहायला कोरी जागा. लिहायचं काय हे न सुचणाऱ्या पुरुषांची चांगलीच सोय! त्यातला सगळ्यांत खपलेला कागद १८५३ सालचा, ‘खाणकामगाराच्या दहा आज्ञा’ हा. जेम्स हचिंग्ज नावाच्या गृहस्थाने तो काढला आणि वर्षभरात लाखाच्या आसपास प्रती खपल्या. त्यात एक आज्ञा अशी, की डोंगरात सोनं भरपूर असल्याच्या खोट्या कथा सांगू नयेत. अशी आज्ञा काढावी लागली म्हणजे कथा किती सांगितल्या जात असतील, बघा.

पण घरी लिहिताना खरं लिहायचं तरी कसं? यशाची बातमी नाही, पैसे नाहीत, आणि ज्यांनी कर्ज काढून पाठवलं त्यांना काय तोंड दाखवायचं? मग ‘पुढच्या हंगामात नक्की’ असं लिहून होई. किंवा पत्रच थांबे. कित्येक बायकांना आपण सवाष्ण आहोत की नाही, हे कधी कळलंच नाही.

सगळेच तसे नव्हते म्हणा. नायगारा धबधब्याजवळच्या यंग्जटाउन गावचा विल्यम स्वेन हा शेतकरी १८४९ च्या एप्रिलमध्ये निघाला. घरी बायको सब्रीना, तान्ही मुलगी, आई आणि भाऊ. तो जाऊन चार दिवस होताहेत तोच सब्रीनाने त्याला पत्र लिहिलं. तुझ्याशिवाय राहणं इतकं जड जाईल हे कळलं असतं तर मी तुला जायला संमतीच दिली नसती, अशा अर्थाचं. मी हे वाचलं तेव्हा मला ती फार जवळची वाटली. निरोप देताना आपण सगळ्याजणी शहाण्या असतो, चार दिवसांनी भांडी घासताना उमजतं. विल्यम दमदार माणूस. फेदर नदीच्या दक्षिण फाट्यावर त्याने थंडी-पावसात राबून बघितलं आणि मग त्याने खरं ते लिहिलं. भावाला कळवलं, की इकडे यायचा कोणाचा विचार असेल तर देवाखातर तो सोडून द्या, घरीच राहा. १८५१ च्या सुरुवातीला तो परतला, हाती फार थोडं घेऊन. पुढे घरच्या शेतावर पीचच्या बागा लावून नाव मिळवलं. घरच्यांनी त्याची पत्रं जपली, त्याने त्यांची. १९८१ साली त्यांचं मोठं पुस्तक निघालं, म्हणून आज सब्रीनाचा आवाज आपल्याला ऐकू येतो. एरवी बायकांनी पाठवलेली पत्रं खाणीवरच्या ओल्या तंबूत कुजून गेली. घरी आलेली पत्रं टिकली, कारण ती ठेवणारी ट्रंक होती आणि ट्रंकेची किल्ली बाईकडे होती.

आता मी जिच्यासाठी एवढं सगळं सांगत आले, तिच्याकडे वळते. तिचं नाव लुईझा क्लॅप. पत्रांखाली ती ‘डेम शर्ली’ अशी सही करायची, म्हणून सगळे तिला शर्ली म्हणतात. जन्म १८१९ चा, आईबाप लहानपणीच गेलेले, शिक्षण चांगलं झालेलं. नवरा डॉक्टर, पण स्वतःच सदा आजारी. हवापालटासाठी आणि धंद्यासाठी त्याने फेदर नदीच्या खोल दरीतलं रिच बार हे खाणकामगारांचं ठाणं निवडलं. तिथून आणि जवळच्या इंडियन बारहून तिने मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या बहिणीला, मॉलीला, सप्टेंबर १८५१ ते नोव्हेंबर १८५२ या काळात तेवीस पत्रं लिहिली.

ती जागा बघायचीच असं मी ठरवलं. फोल्समहून मोटारीने साधारण तीन तास. या वेळी मंगळवार होता. भाऊ पुन्हा तयार! मी काही बोलले नाही.

वाटेत मेरीजव्हिल लागतं. शर्लीच्या काळी सगळा माल इथून खेचरांवर लादून डोंगरात जायचा. शेजारच्या यूबा सिटीत आज पगडीवाले पंजाबी बागायतदार दिसतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांची इथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. मेरीजव्हिलमध्ये चिनी लोकांनी १८८० साली बांधलेलं बोक काई देऊळ आहे. सोन्यासाठी चिनी माणसंही हजारोंनी आली होती. ते या देशाला ‘सोन्याचा डोंगर’ म्हणत. परदेशी खाणकामगारांवर कर बसवला, त्याचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला, मारहाणही सोसली. परदेशी गेलेल्या चिनी माणसांची घरी येणारी पत्रं बहुधा पैशांबरोबर येत, पत्र आणि पैसे एकाच लिफाफ्यात. अशा पत्रांचा मोठा संग्रह चीनमध्ये जपला आहे आणि २०१३ साली युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत त्याची नोंद केली. घरी वाचता न येणाऱ्या बायका ती दुसऱ्याकडून वाचून घेत. नवऱ्याचं पत्र चारचौघांत मोठ्याने वाचलं जाणार, हे माहीत असल्यावर त्यात काय लिहिलं जाणार, सांगा!

ओरोव्हिलनंतर दरी सुरू होते. एका बाजूला उभा कडा, खाली नदी, पलीकडून आगगाडीचा रूळ, मधूनमधून वीजघरं. २०२१ च्या डिक्सी वणव्यात या भागातलं प्रचंड जंगल जळालं. काळे बुंधे उभेच्या उभे आहेत आणि खाली नवं हिरवं उगवतंय. रिच बारला बघायला तसं काही नाही. रस्त्याकडेला एक ऐतिहासिक फलक, खाली नदीचा खडकाळ काठ, आणि जुन्या थडग्यांची एक छोटीशी जागा. पण माझ्या पिशवीत शर्लीची पत्रं होती. दगडावर बसून मी भावाला त्यातलं मराठीत सांगत गेले.

तिचं घर ऐका. वीस फुटांची एक लाकडी खोली. छताला पांढरं मांजरपाट, तेही तुकड्यांना मधूनमधून टाके घालून जोडलेलं, म्हणून फटींतून वरच्या लाकडी फळ्या दिसताहेत. भिंतींना भडक फुलांचं चीट. दोन फूट चौरस भोक, त्याला खिडकी म्हणायचं, कारण काच मिळत नाही. चुलाण्यावरच्या तुळईला डब्यांचे पत्रे ठोकलेले, त्यांवर मालाची नावं तशीच वाचता येतात. दारूच्या दोन खोक्यांवर ट्रंक ठेवली की झालं शृंगाराचं टेबल. तोंड धुवायला भाजी वाढायचं भांडं. आरसा तर बाहुलीच्या घरातला असतो तेवढा! लोखंडाचे चमचे. मेणबत्त्यांच्या रिकाम्या खोक्यात पुस्तकं, त्यात शेक्सपिअर. जमीन इतकी वरखाली, की खुर्चीचे चारही पाय एकदम टेकत नाहीत. हे सगळं ती बहिणीला इतकं हसत हसत लिहिते, की मॉलीने वाचताना पोट धरलं असेल. नवं बिऱ्हाड थाटलेल्या कोणत्याही बाईने बहिणीला लिहावं तसंच हे.

पण हसत हसत ती बाकीचंही सांगते. रिच बारला तिच्याखेरीज चारच बायका होत्या. एक हॉटेल चालवायची. तिचं दोन आठवड्यांचं बाळ शांपेनच्या टोपलीत पाय झाडतंय आणि ती अर्धा डझन माणसांचं जेवण रांधतेय. दुसरीबद्दल एक माणूस तोंड भरून सांगत होता, की बायको असावी तर अशी, नऊ आठवड्यांत कपडे धुऊन तिने नवऱ्याला खर्च वजा जाता नऊशे डॉलर मिळवून दिले! तिसरी, शर्ली येऊन काही आठवडे झाले नाहीत तोच, चार दिवसांच्या पोटाच्या दुखण्याने गेली. साध्या फळ्यांची शवपेटी, दोन लहान मुलं, आणि त्यातल्या मुलीला काय झालंय ते कळतच नाहीये. पुढे हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली, खेचरं येईनात. लोणी नाही, बटाटा नाही, खारवलेले मासे आणि जुनाट डुकराचं मांस यांवर महिने काढले. चोरीसाठी माणसाला फासावर दिलेलं तिने लिहिलं. आपल्याच लोकांनी स्पॅनिश बोलणाऱ्यांवर केलेला अन्याय लिहिला, फटक्यांची शिक्षा लिहिली. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून आपण काय केलं, तेही. नवऱ्याची पत्रं ‘पुढच्या हंगामात’ म्हणत होती त्याच काळात ही बाई बहिणीला भाव, भांडी, मरण आणि भांडणं सगळं कळवत होती.

आणि सोनं? तेही तिने एकदा स्वतः धुऊन बघितलं. मिळालं सव्वातीन डॉलरचं. ते तिने पत्रातून बहिणीला पाठवलं आणि हिशेबही दिला. पाय भिजले, झगा फाटला, नवे हातमोजे वाया गेले, बोटं गारठली, डोकं चढलं, सर्दी झाली आणि छातीवरची किमती पिन हरवली. वर हेही सांगितलं, की हौसेने आलेल्या बायकांना पहिल्याच थाळीत भरपूर सोनं सापडतं त्या गोष्टींवर विश्वास ठेवू नकोस, पुरुष गंमत म्हणून ते आधीच आत टाकून ठेवतात. कोलोमाच्या पन्हाळीतले माझे तीन कण! भावाकडे बघून मी हसले.

तो हसला नाही. नदीकडे बघत म्हणाला, ‘ताई, माझी नोकरी फेब्रुवारीत गेली.’

आमच्यात थोडा वेळ फक्त नदीचा आवाज. मग त्याने सांगितलं. एका सकाळी संगणकावर निरोप आला, दुपारपर्यंत ओळखपत्रही चालेना. बरोबरच्या बऱ्याच जणांचं तसंच झालं. भावजयीच्या पगारावर घराचा हप्ता चाललाय. तिने माझ्यासमोर अवाक्षर काढलं नव्हतं. ‘आणि आईला?’ मी विचारलं. ‘आईला काय सांगू? ती तिथे कऱ्हाडात एकटी. बीपीच्या गोळ्या दोनाच्या तीन व्हायच्या. नवी नोकरी लागली की सांगेन. तू बोलू नकोस.’

मी थोरली. रागवायला हवं होतं. पण रागवले नाही. पिशवीतून दशम्यांचा डबा काढला, दोघांनी खाल्ल्या.

शर्लीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १८५२ च्या शरदात तिथल्या बहुतेकांचं दिवाळं वाजलं. नदी वळवायला लाकडी पाट बांधले, पैसा ओतला, आणि खाली सोनंच नाही. ठाणं ओस पडलं. शेवटच्या पत्रात ती लिहिते, की हे रानटी जिणं सोडून जाताना मला वाईट वाटतंय. तुझ्याकडून निघाले तेव्हा अर्धमेली होते, आता बघशील तर ओळखणार नाहीस, इतकी धडधाकट झालेय. पुढे १८५४-५५ मध्ये ती तेवीस पत्रं सॅनफ्रान्सिस्कोच्या ‘पायोनियर’ मासिकात छापून आली. नवऱ्यापासून ती वेगळी झाली आणि सॅनफ्रान्सिस्कोच्या शाळेत शिक्षिका म्हणून वर्षानुवर्षं राबली. १९०६ साली वारली. २०१७ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोला एक ऑपेरा झाला, त्यात तिची पत्रं वापरली आहेत. शिक्षिका असल्यामुळे असेल, पण मला तिचा अभिमान वाटतो, मावशीचा वाटावा तसा.

त्या रात्री आठला आम्ही आईला फोन लावला. कऱ्हाडला सकाळचे साडेआठ वाजले होते. पडद्यावर आईचं अर्धं कपाळ आणि मागचं कॅलेंडर, नेहमीसारखं. भाऊ म्हणाला, ‘सगळं मजेत आहे गं. ताईला आज लांब फिरवून आणलं.’ आईने हो हो म्हटलं. नदीबद्दल विचारलं, माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं. तो पाणी आणायला आत गेला, तशी आई फोनला अगदी तोंड लावून हळूच म्हणाली, ‘याचं काम सुटलंय ना गं?’

मी गप्पच. मग विचारलं, ‘तुला कोणी सांगितलं?’

‘सांगायला कशाला पाहिजे? पूर्वी दर वेळी पाच मिनिटांत “आई, मीटिंग आहे, ठेवतो” म्हणायचा. तीन-चार महिने झाले, एकदासुद्धा म्हणाला नाही. माझी सगळी रडगाणी शेवटपर्यंत ऐकतो.’

तेवढ्यात तो पाण्याचा पेला घेऊन आला. आई मागे सरकली. कपाळ लहान झालं, चेहरा पूर्ण दिसायला लागला. ‘काय रे,’ म्हणाली, ‘आज जेवायला काय केलंत?’